केलं कोणी? : इंग्रजीतल्या पॅसिव्ह व्हॉइसची ओळख



आज बचतीचा विषय नाही, शेळीपालनाचा नाही आणि लोणच्याच्या बरणीचाही नाही. आज व्याकरण आहे, तेही इंग्रजीचं. थांबा, लगेच रेडिओचं बटण फिरवू नका. परीक्षा घ्यायची नाही आणि कोणाला उभं करून विचारायचंही नाही. पण मोबाइलवर बँकेचा मेसेज येतो, कर्जाच्या कागदावर सही करावी लागते, मसाल्याच्या पाकिटावर लेबल चिकटवायचं असतं, मुलगी दहावीचं पुस्तक घेऊन समोर बसते. या चारही ठिकाणी इंग्रजीतली एकच गोष्ट पुन्हा पुन्हा भेटते. तिचं नाव पॅसिव्ह व्हॉइस. ती समजली की निम्मा कागद समजतो.

आपल्यापैकी तिशी-पस्तिशीच्या पुढच्या बहुतेक जणींनी एबीसीडी पाचवीत गिरवली. राज्यात पहिलीपासून इंग्रजी आलं ते 2000 सालापासून. म्हणजे आपली मुलं पहिलीपासून इंग्रजी शिकतात आणि आपण त्यांच्या चार वर्षं मागून निघालो. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. उशिरा पेरलं तरी वेळेवर पाणी दिलं की पीक येतं.

तर सुरुवात करू. कोणत्याही वाक्यात साधारण तीन गोष्टी शोधायच्या. काम कोणतं? ते केलं कोणी? आणि कशावर केलं? व्याकरणात यांनाच क्रियापद, कर्ता आणि कर्म म्हणतात.

सीता पापड करते. काम करण्याचं, करणारी सीता, आणि केले जातात ते पापड. इंग्रजीत म्हणायचं, 'सीता मेक्स पापड्स.' करणारी पुढे आहे, म्हणून हा अ‍ॅक्टिव्ह व्हॉइस. आता तेच वाक्य पापडाच्या बाजूने सांगू. 'पापड्स आर मेड बाय सीता.' पापड पुढे आले, सीता मागे गेली. हा पॅसिव्ह व्हॉइस. काम तेच, सीता तीच, पापडही तेच. फक्त कोणाला पाटावर बसवलं आणि कोणाला मागे उभं केलं, एवढाच फरक.

हा बदल तीन पायऱ्यांत होतो. पहिली पायरी, कर्म उचलून वाक्याच्या सुरुवातीला आणायचं. दुसरी पायरी, क्रियापदाचं तिसरं रूप घ्यायचं आणि त्याच्या आधी अ‍ॅम, इज, आर, वॉज, वेअर, बी, बीइंग, बीन यांतलं योग्य ते लावायचं. तिसरी पायरी, कर्ता शेवटी न्यायचा आणि त्याच्या आधी 'बाय' लावायचं.

तिसरं रूप म्हणजे शाळेत पाठ केलेलं ते गो, वेंट, गॉन. मेक, मेड, मेड. पे, पेड, पेड. गिव्ह, गेव्ह, गिव्हन. राइट, रोट, रिटन. टेक, टुक, टेकन. रोज पाच शब्द मुलांबरोबर म्हटले तरी महिन्यात दीडशे होतात. बचत गटाच्या हप्त्यासारखं आहे हे, थोडं थोडं पण न चुकता.

काळ बदलला की फक्त मधला शब्द बदलतो, तिसरं रूप हलत नाही. रोज होतात : पापड्स आर मेड. आत्ता चालू आहे : पापड्स आर बीइंग मेड. काल झाले : पापड्स वेअर मेड. करून झालेत : पापड्स हॅव बीन मेड. उद्या होतील : पापड्स विल बी मेड. केलेच पाहिजेत : पापड्स मस्ट बी मेड. पाहा, 'मेड' सगळीकडे जागच्या जागी आहे.

एक गोष्ट लक्षात ठेवायची. ज्या वाक्यात कर्मच नाही, त्याचा पॅसिव्ह होत नाही. 'बाळ झोपतं', 'द बेबी स्लीप्स.' इथे झोपण्याचं काम दुसऱ्या कशावर होत नाही. पुढे आणायला काही नाहीच, तर आणणार काय? मुलाने अशा वाक्याचा पॅसिव्ह करून दाखवला तर तुम्ही बेधडक सांगू शकता, बाळा, हे चुकलं.

आता आपल्या मराठी माणसाची खरी अडचण सांगते. शाळेत बऱ्याचदा सांगतात की अ‍ॅक्टिव्ह म्हणजे कर्तरी प्रयोग आणि पॅसिव्ह म्हणजे कर्मणी प्रयोग. ऐकायला सोपं वाटतं, पण पोरं इथेच फसतात.

मराठीतला प्रयोग म्हणजे क्रियापद कोणाच्या मागे चालतं ते. 'तो भाकरी खातो, ती भाकरी खाते.' खाणारा बदलला की क्रियापद बदललं, म्हणून हा कर्तरी. 'तिने पापड लाटला, तिने पोळी लाटली.' लाटणारी तीच आहे, पण पापड होता तेव्हा लाटला आणि पोळी आली तेव्हा लाटली. क्रियापद कर्माच्या मागे गेलं, म्हणून हा कर्मणी. आणि 'तिने मुलाला बोलावलं, तिने मुलीला बोलावलं, तिने मुलांना बोलावलं.' इथे क्रियापद कोणाच्याच मागे जात नाही, बोलावलं ते बोलावलंच. हा भावे.

आता 'तिने पोळी लाटली' याचं इंग्रजी काय? 'शी रोल्ड अ चपाती.' हा अ‍ॅक्टिव्ह व्हॉइस आहे. मराठीत कर्मणी, पण इंग्रजीत अ‍ॅक्टिव्ह. कारण इंग्रजी एवढंच बघतं की वाक्यात कर्त्याच्या जागी कोण बसलं आहे. इथे 'शी' बसली आहे, म्हणजे करणारीच पुढे आहे. आपण मराठीत भूतकाळात बोलताना दिवसभर कर्मणी प्रयोग वापरतो. मी चहा केला, मी भांडी घासली, मी हप्ता भरला. ही सगळी वाक्यं इंग्रजीत अ‍ॅक्टिव्हच होतात. 'ने' दिसला की 'बाय' लावायचा, ही सवय मुलांना लागली असेल तर ती मोडायला हवी.

आपल्या भूतकाळाची ही घडण संस्कृतातून आली आहे. संस्कृतात 'तिच्याकडून केलं गेलेलं' अशा धाटणीचं बोलणं होतं. त्यातून उतरत उतरत आपलं 'तिने केलं' तयार झालं. मूळ पॅसिव्हचं असलं तरी आज त्याचा अर्थ सरळ अ‍ॅक्टिव्हचा आहे. मराठीच्या या प्रयोगांवर जाणत्या लोकांनी फार बारीक काम केलं आहे. दादोबा पांडुरंग तर्खडकरांचं मराठी व्याकरण 1836 साली निघालं, आणि मोरो केशव दामले यांचं 'शास्त्रीय मराठी व्याकरण' 1911 साली. तेव्हा आपली भाषा अडाण्यांची आणि इंग्रजी शहाण्यांची, असं कोणी म्हणालं तर मनावर घेऊ नका.

मग मराठीत खरा पॅसिव्ह आहे का? आहे. 'चोर पकडला गेला', 'पैसे दिले जातील', 'अर्ज नाकारला गेला.' हे 'गेला, जातील' लागलं की ते इंग्रजीच्या पॅसिव्हचं जवळचं भावंड समजा. आणि सरकारी कागदावरचं 'कळविण्यात येते की', 'मंजूर करण्यात आला', 'कारवाई करण्यात येईल', हेही तेच.

आणि एक गंमत आपल्या नेवाशाची आहे. प्रवरेकाठी याच गावात शके 1212 मध्ये, म्हणजे 1290 साली, ज्ञानेश्वरी सिद्ध झाली. ज्या खांबाला टेकून माउलींनी ती सांगितली असं आपण मानतो, त्या पैस खांबाला आजही लोक डोकं टेकवतात. त्या काळच्या मराठीत पॅसिव्हची एक खास रूपं होती : करिजे, बोलिजे, म्हणिजे. म्हणजे केलं जातं, बोललं जातं, म्हटलं जातं. व्याकरणात याला पुराण कर्मणी म्हणतात. ही रूपं आता गेली, पण दोन शब्द मागे ठेवून गेली. एक 'म्हणजे', जो त्या 'म्हणिजे'मधून आला. दुसरा 'पाहिजे', पाहणे या क्रियापदाचं तसंच रूप. म्हणून तर आपण 'मला वही पाहिजे' म्हणतो आणि 'मला वह्या पाहिजेत' म्हणतो. हवं आहे मला एकटीला, पण क्रियापद वह्यांच्या मागे जातं. तेव्हा पॅसिव्ह व्हॉइस ही परक्या देशातून आलेली भानगड नाही. तुम्ही दिवसातून दहा वेळा 'पाहिजे' म्हणता, तेव्हा सातशे वर्षांपूर्वीचा पॅसिव्ह तुमच्याच तोंडात असतो.

आता हा पॅसिव्ह वापरायचा कधी? काम कोणी केलं हे माहीत नसेल, किंवा सांगण्याची गरज नसेल तेव्हा. 'माय सायकल वॉज स्टोलन.' चोर कोण ते माहीत असतं तर सायकल घरी आली नसती का? किंवा जे केलं गेलं तेच महत्त्वाचं असेल तेव्हा. पाहुण्याला नेवासा दाखवताना आपण म्हणू, 'द ज्ञानेश्वरी वॉज कंपोज्ड हिअर.' इथे ग्रंथ पुढे हवा आणि 'हिअर' म्हणजे आपलं गाव हवं. आणखी नेमकं सांगायचं तर 'बाय' लावून दोघांची नावं सांगता येतात. 'इट वॉज टोल्ड बाय ज्ञानेश्वर अँड रिटन डाऊन बाय सच्चिदानंदबाबा.' सांगितली माउलींनी, उतरवून घेतली सच्चिदानंदबाबांनी. 'बाय' हा एवढासा शब्द, पण कोणाच्या कष्टाचं श्रेय कोणाला जातं ते तोच सांगतो.

म्हणून आता आपल्या पाकिटांकडे वळू. आपण शेवया, कुरडया, पापड, मसाले, लोणची करतो. खाण्याच्या वस्तूच्या पाकिटावर बनवणाऱ्याचं नाव, पत्ता आणि एफएसएसएआयचा 14 आकडी क्रमांक लागतो. तिथे इंग्रजीत लिहिलेलं असतं, 'मॅन्युफॅक्चर्ड बाय', म्हणजे बनवलं कोणी. 'पॅक्ड बाय', म्हणजे पाकिटात भरलं कोणी. 'मार्केटेड बाय', म्हणजे बाजारात विकलं कोणी. ही तिन्ही पॅसिव्हची रूपं आहेत, फक्त पुढचा 'इज' गाळलेला आहे. एखादा व्यापारी म्हणाला की माल तुमचा, छपाई माझी, तर छपाईचा नमुना आधी मागून घ्या. 'मार्केटेड बाय'पुढे त्याचं नाव असलं तर हरकत नाही, विकणार तोच आहे. पण 'मॅन्युफॅक्चर्ड बाय'पुढे आपल्या गटाचं नाव आणि गावाचा पत्ता पाहिजेच. त्या जागी त्याचं नाव छापलं गेलं तर गिऱ्हाईक पुढच्या वेळी आपल्याला कुठे शोधणार?

कर्जाच्या कागदावर दोन ठिकाणी जपून वाचायचं. पहिलं, 'शॅल बी'. 'द लोन शॅल बी रिपेड बाय द ग्रुप', म्हणजे कर्ज गटाने फेडायचं आहे. 'बाय द मेंबर' असतं तर त्या सभासदाने. एका शब्दाचा फरक आहे, पण एखादीचा हप्ता थकला तर बाकीच्या नऊ जणींनी काय करायचं ते त्या शब्दावर ठरतं. सही करण्याआधी 'बाय' शोधा, त्याच्यापुढे बोट ठेवा आणि साहेबांना विचारा, इथे कोण आहे? गट की सभासद?

दुसरं, प्रत्येक 'बाय' करणाऱ्याचंच नाव सांगत नाही. 'डॉक्युमेंट्स शुड बी सबमिटेड बाय 31 मार्च.' कागदपत्रं 31 मार्च देणार नाही, तुम्हीच द्यायची आहेत, 31 मार्चपर्यंत. 'बाय'पुढे तारीख आली की ती मुदत समजायची. 'बाय चेक' आलं तर चेकने.

मोबाइलच्या मेसेजमध्येही एक छोटा शब्द घात करतो. 'यू हॅव पेड' म्हणजे तुम्ही पैसे भरले. 'यू हॅव बीन पेड' म्हणजे तुम्हाला पैसे दिले गेले. मधे 'बीन' आला आणि पैशाची दिशाच उलटली. 'हॅव' किंवा 'हॅज'च्या मागे सरळ तिसरं रूप असेल तर तो अ‍ॅक्टिव्ह. मधे 'बीन' असेल तर तो पॅसिव्ह. मुलीला 'यू हॅव बीन सिलेक्टेड' असा मेसेज आला तर पेढे वाटा, तिची निवड झाली आहे. आणि खात्याच्या मेसेजमध्ये 'डेबिटेड' म्हणजे खात्यातून गेले, 'क्रेडिटेड' म्हणजे खात्यात आले, एवढं तर पाठच असू द्या.

आता पॅसिव्हची दुसरी बाजू. 'पापड्स आर मेड बाय सीता' यातला शेवटचा तुकडा काढून टाकला तर काय उरतं? 'पापड्स आर मेड.' वाक्य पूर्ण आहे, व्याकरणात चूक नाही, पण सीता दिसेनाशी झाली. अ‍ॅक्टिव्हमध्ये असं करता येत नाही. पॅसिव्हमध्ये 'बाय' आणि त्याच्या पुढचं नाव खुशाल गाळता येतं. सोय म्हणून ते चांगलं आहे. पण जिथे जबाबदारी कोणाची हे ठरवायचं असतं, तिथे हीच सोय लपायची जागा होते.

आमच्या भागातल्या एका गटाचं सांगते. त्यांनी कर्जाचा अर्ज दिला होता. दीड महिन्याने इंग्रजीत पत्र आलं. त्यातलं वाक्य असं होतं : 'द अ‍ॅप्लिकेशन कॅनॉट बी प्रोसेस्ड अ‍ॅज द रिक्वायर्ड डॉक्युमेंट्स हॅव नॉट बीन सबमिटेड.' अर्जावर पुढे काम करता येत नाही, कारण लागणारी कागदपत्रं सादर केली गेलेली नाहीत. गावात कोणीतरी वाचून अर्थ सांगितला, 'तुमच्या सचिवाने कागदच दिले नाहीत.' झालं. बैठकीत आवाज चढले. सचिव म्हणत होती, मी दिले. बाकीच्या म्हणत होत्या, मग पत्र काय खोटं बोलतं? दोघी-तिघींनी बचत बंद करायची भाषा केली. आठ वर्षं चाललेला गट एका वाक्यावर मोडायला आला होता.

ते पत्र आम्ही सगळ्याजणी मिळून पुन्हा वाचलं. पत्रात सचिवाचं नाव कुठे आहे? नाही. 'बाय' कुठे आहे? नाही. कोणते कागद, ते तरी लिहिलं आहे का? तेही नाही. म्हणजे 'सचिवाने दिले नाहीत' हे पत्राने म्हटलेलंच नव्हतं, ते वाचणाऱ्याने पदरचं घातलं होतं. मग सचिवाने फाइलीतून पोच काढली. त्यावर तारीख होती, आवक क्रमांक होता, शिक्का होता. ती पोच घेऊन पाच जणी गेल्या आणि दोनच प्रश्न विचारले. कोणता कागद कमी आहे? आणि आम्ही दिलेले कागद कोणाकडे आहेत? शोधाशोध झाली. कागद तिथेच, दुसऱ्या फाइलीत निघाले. अर्ज पुढे गेला, कर्ज मिळालं, आणि गट आजही चालू आहे. त्या दिवशी पोच नसती तर सचिवाला आयुष्यभर ऐकून घ्यावं लागलं असतं. म्हणून कागद देताना पोच घ्या, आणि कागद वाचताना 'बाय' शोधा.

विचारायचा हक्कही आपल्याला आहे. माहिती अधिकार कायदा 2005 सालचा आहे. अर्ज नाकारला गेला, असं एखाद्या सरकारी कार्यालयाने कळवलं तर का आणि कोणी, हे विचारता येतं. महाराष्ट्राचा लोकसेवा हक्क कायदा 2015 सालचा आहे. त्यात अधिसूचित केलेल्या प्रत्येक सेवेला एक पदनिर्देशित अधिकारी आणि मुदत ठरवून दिलेली असते. साध्या भाषेत, पॅसिव्हमधून गळून गेलेला 'बाय' या कायद्यांनी परत आणून ठेवला आहे.

फसवणूक करणाऱ्यांनाही हे वाक्य फार आवडतं. 'युवर अकाउंट विल बी ब्लॉक्ड टुडे.' 'युवर केवायसी हॅज बीन सस्पेंडेड.' तुमचं खातं आज बंद केलं जाईल. कोण करणार? नाव नाही. खऱ्या बँकेचे मेसेजही पॅसिव्हमध्ये असतात, त्यामुळे नुसत्या वाक्यावरून खरं-खोटं कळणार नाही. पण घाबरून त्यातल्या लिंकवर बोट ठेवण्याआधी मनात विचारा, कोण? आणि उत्तर मिळेपर्यंत ओटीपी कोणालाही सांगू नका. शंका आली तर पासबुक घेऊन सरळ शाखेत जा. पैसे गेलेच तर वेळ न घालवता 1930 या क्रमांकावर फोन करा.

दुसऱ्यांचं झालं, आता आपल्या वहीकडे बघू. आपल्या इतिवृत्तात आपण काय लिहितो? 'असे ठरले.' 'दंड आकारण्यात आला.' 'रक्कम खर्च झाली.' हेही तेच की. पण जुन्या जाणत्यांनी ठराव लिहायची जी रीत घालून दिली आहे ती बघा. ठरावाखाली सूचक कोण, अनुमोदक कोण, दोन नावं लागतातच. रीत म्हणून नाही, तर उद्या प्रश्न आला तर उत्तर द्यायला माणूस हवं म्हणून. तेव्हा 'रक्कम खर्च झाली' असं लिहू नका. 'अध्यक्ष आणि सचिव यांनी 1,200 रुपये शिलाई मशीनच्या दुरुस्तीवर खर्च केले, पावती जोडली आहे', असं लिहा. दोन ओळी जास्त लागतील, पण भांडणं कमी होतील.

आणि घरात? घरातही आपण व्हॉइस बदलतो, फक्त लक्षात येत नाही. स्वतःच्या हातून झालं तर 'दूध उतू गेलं', सुनेच्या हातून झालं तर 'तिने दूध उतू घालवलं'. लेकाच्या हातून 'कप फुटला', सुनेने मात्र 'कप फोडला'. व्याकरणाच्या दृष्टीने 'गेलं' आणि 'फुटला' हे पॅसिव्ह नाहीत, ती अकर्मक क्रियापदं आहेत. पण काम तेच करतात. एकाच्या वेळी करणारा झाकायचा, दुसरीच्या वेळी उघडा पाडायचा. एक दिवस आपलं बोलणं आपणच ऐकून बघा.

यापेक्षा गंभीर वाक्यं आहेत. आपण बायका सहज म्हणतो, 'मला इकडे नेवाशाला दिलं', 'हिला पैठणला दिली.' दिलं कोणी? आणि मी काय वस्तू होते? 'सोळाव्या वर्षी तिचं लग्न झालं.' जसा पाऊस झाला, तसं लग्न झालं. पण लग्न आपोआप होत नाही. कोणीतरी ठरवतं, कोणीतरी लावतं, कोणीतरी अक्षता टाकतं. 2006 चा बालविवाह प्रतिबंधक कायदा 'लग्न झालं' एवढ्यावर थांबत नाही. लावलं कोणी, ठरवलं कोणी, होऊ दिलं कोणी, असं तो विचारतो आणि त्यांना शिक्षा सांगतो. अशी तयारी कुठे दिसली तर 1098 वर कळवता येतं. आणि 'तिला मारहाण झाली' असं कोणी सांगितलं, तर तिथे गप्प राहू नका. मारलं कोणी, हे विचारायला व्याकरणाची पदवी लागत नाही.

आता दहावीच्या मुलामुलींच्या आयांसाठी एक सोपी तपासणी. मुलाने 'चेंज द व्हॉइस'चं उत्तर लिहिलं की तीन प्रश्न विचारा. एक, मूळ वाक्यात ज्याच्यावर काम झालं, ते पुढे आणलंस का? दोन, मधला शब्द आणि तिसरं रूप दोन्ही लिहिलंस का, आणि काळ तोच ठेवलास का? तीन, करणारा मागे नेताना त्याचं रूप बदललंस का? 'आय'चं 'मी', 'ही'चं 'हिम', 'शी'चं 'हर', 'वी'चं 'अस', 'दे'चं 'देम'. बहुतेक गुण या तीन जागी जातात. तुम्हाला उत्तर येत नसलं तरी हे प्रश्न तुम्ही विचारू शकता. आई विचारते म्हटल्यावर मूलही नीट बघतं.

गटाच्या पुढच्या बैठकीसाठी एक खेळ देते. एकीने वाक्य सांगायचं, दुसरीने ते फिरवायचं. 'द सेक्रेटरी कीप्स द रेकॉर्ड.' फिरवलं की, 'द रेकॉर्ड इज केप्ट बाय द सेक्रेटरी.' 'वी पेड द इन्स्टॉलमेंट.' फिरवलं की, 'द इन्स्टॉलमेंट वॉज पेड बाय अस.' 'द बँक विल सँक्शन द लोन.' फिरवलं की, 'द लोन विल बी सँक्शन्ड बाय द बँक.' मग घरातलं कोणतंही एक इंग्रजी पाकीट, पावती किंवा मेसेज आणायचा आणि त्यातला 'बाय' शोधायचा. सापडला तर त्यापुढचं नाव वाचायचं. नाही सापडला तर सगळ्यांनी मिळून विचारायचं, केलं कोणी?

उच्चार चुकला तर चुकू द्या. हसणारी हसेल, पण तिलाही दुसऱ्या दिवशी मुलाच्या वहीत तेच वाक्य दिसेल. पुढच्या वेळी कर्जाच्या अर्जातले नेहमीचे इंग्रजी शब्द घेऊ. तोपर्यंत हप्ता वेळेवर भरा, पोच जपून ठेवा.